आठ नंबरच्या पुढची पावलं

“मॅडम, लेडीजमध्ये एवढाच शेवटचा नंबर. जेंट्समध्ये दाखवू का?” पाय मोठा असलेल्या जवळजवळ प्रत्येक बाईनं हे वाक्य ऐकलेलं असतं. पुण्यात लक्ष्मी रोडवर, नाशिकच्या मेन रोडवर, मॉलमधल्या चकचकीत दालनात, सगळीकडे तेच. पुढचंही ठरलेलं. लग्नासाठी हेरलेली सोनेरी हील काचेमागे राहते आणि समोर येतात पुरुषांचे काळे-तपकिरी फ्लोटर्स. बाई एक तर ते घेते, नाहीतर नेहमीपेक्षा एक नंबर लहान सँडल “वापरून सैल होईल” या आशेवर घेऊन घरी जाते.

आपल्यातच काहीतरी वावगं आहे, असं तिला तिथे वाटून जातं आणि ते मला फार लागतं. पाय मोठा असणं हा दोष नाही आणि त्या मापाचं देखणं पादत्राण बनवणं अवघड असलं तरी अशक्य मुळीच नाही. ते दुकानात का नसतं, याचं उत्तर कारखान्याच्या साच्यांत आणि दुकानदाराच्या मालखरेदीत आहे. हे गणित एकदा कळलं की कुठे शोधायचं आणि कुठे पायपीट करायची नाही, हेही कळतं.

आधी मोठा म्हणजे किती ते पाहू. माणसाच्या पावलाची लांबी ढोबळमानानं उंचीच्या १५ टक्के असते. ५ फूट १ इंच उंचीच्या बाईचं पाऊल साधारण २३ सेंटिमीटर भरतं, तर ५ फूट ९ इंचांच्या बाईचं २६ सेंटिमीटर. म्हणजे व्हॉलीबॉल किंवा बास्केटबॉल खेळणाऱ्या उंच मुलीचं पाऊल मोठं असणारच. शिवाय बायकांची उंची पिढ्यान्‌पिढ्या वाढत आली आहे. जगभरातल्या उंचीच्या नोंदी एकत्र करून २०१६ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार शंभर वर्षांत भारतीय स्त्रियांची सरासरी उंची जवळजवळ ५ सेंटिमीटरनी वाढली. त्यावर १५ टक्क्यांचा हिशेब लावला तर पाऊल पाऊण सेंटिमीटरनं लांबलं, असं म्हणता येतं. पाऊण सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ एक ब्रिटिश नंबर. आजीला पाच नंबर लागत असेल तर नातीला सहा लागण्यात नवल ते काय?

बाजारात मात्र बायकांचे नंबर सहसा ३ ते ७, फार तर ८ पर्यंत मिळतात. युरोपीय मोजणीत हे ३६ ते ४१ होतात. पण नंबर म्हणजे नेमकं काय, हे दुकानात कोणी सांगत नाही. आपल्याकडे चालणारी पद्धत ब्रिटिश काळातली. तिच्यात एका नंबराचं अंतर म्हणजे एक तृतीयांश इंच, म्हणजे ८.४७ मिलिमीटर. हे माप सातूच्या दाण्याच्या लांबीवरून आलं. तीन दाणे ओळीनं ठेवले की एक इंच होई. युरोपातली पद्धत वेगळी. तिथला एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर, ६.६७ मिलिमीटर. दोन पट्ट्यांवरच्या रेघाच जुळत नसल्यामुळे ब्रिटिश आठ म्हणजे युरोपीय ४१ की ४२, यावर दोन कंपन्यांचं एकमत होत नाही. त्यात आपल्याकडे बायकांच्या चपलांमध्ये अर्धे नंबर फारसे येत नाहीत. सातची चप्पल बोटांना लागली, तर पुढची थेट साडेआठ मिलिमीटर लांब.

आणखी एक गंमत अशी की हा नंबर पायाचा नसतोच, तो फर्म्याचा असतो. फर्मा म्हणजे लाकडाचा किंवा प्लास्टिकचा पावलाच्या आकाराचा ठोकळा. त्याच्यावर चामडं ताणून बूट घडवतात. ब्रिटिश पद्धतीत फर्म्याची इंचांतली लांबी तिनानं गुणून त्यातून २५ वजा केले की नंबर मिळतो. युरोपीय पद्धतीत सेंटिमीटरमधल्या लांबीची दीडपट केली की झालं. बोटांपुढे किती मोकळी जागा सोडायची हे मात्र कंपनी आपल्या मनानं ठरवते. पुढून टोकदार बूट असेल तर टोकात बरीच लांबी वाया जाते. म्हणून २६ सेंटिमीटरच्या पावलाला एका कंपनीचा सात बसतो आणि दुसरीचा आठसुद्धा चावतो. बायका म्हणतात, “माझा नंबर नक्की कुठला तेच कळत नाही.” दोष त्यांच्या समजुतीचा नाही, मोजणीचाच आहे. मोंडोपॉइंट नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत थेट पावलाची लांबी मिलिमीटरमध्ये सांगते. सैन्याच्या आणि स्कीइंगच्या बुटांसाठी ती वापरतात. ती सगळ्या चपलांवर छापली असती, तर निम्मा वैताग वाचला असता.

भारतीय पावलांचं स्वतःचं मापही आता घेतलं गेलं आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांची पावलं थ्रीडी स्कॅनरनं मोजली. त्यातून दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. सरासरी मुलीच्या पावलाची वाढ अकराव्या वर्षाच्या सुमारास शिखर गाठते, मुलाची पंधराव्या-सोळाव्या. आणि भारतीय पावलं युरोपीय-अमेरिकी पावलांपेक्षा सहसा रुंद असतात. या पाहणीवरून ‘भा’ नावाची नवी भारतीय मापपद्धती सुचवली गेली.

मला यातली रुंदीची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मोठा नंबर शोधणाऱ्या कितीतरी बायकांना खरं तर जास्त लांबी नको असते, चवड्याशी जास्त जागा हवी असते. परदेशी फर्म्यावर बनलेला अरुंद बूट चवड्यात आवळतो, म्हणून त्या एक नंबर वरचा घेतात. मग टाच मागे सटकते, पाऊल आत पुढे घसरतं आणि बोटं पुन्हा टोकाला आपटतात. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये काही कंपन्या लांबीच्या नंबरासोबत रुंदीचं अक्षरही छापतात. अमेरिकेत बायकांचा मध्यम पाय बी, रुंद पाय डी, त्याहून रुंद टू-ई. आपल्याकडे ही सोय क्वचितच दिसते.

आता कारखान्यात शिरू, कारण खरी अडचण तिथे आहे. नव्या सँडलचा पहिला नमुना एकाच मापावर बनतो, बायकांच्या बाबतीत बहुधा युरोपीय ३७ वर. तो पसंत पडला की बाकीची मापं ठरावीक प्रमाणात लहान-मोठी केली जातात. नमुन्यापासून जितकं दूर जावं तितकं हे गणित बिघडतं. ३७ वर सुबक दिसणारी पट्टी ४३ वर दोऱ्यासारखी बारीक वाटते, बक्कल भलत्याच ठिकाणी येतं, पुढचा भाग होडीसारखा पसरतो. म्हणजे मोठा नंबर नीट करायचा तर मधल्या मापावरून नुसता ताणून भागत नाही, त्यासाठी दुसरा नमुना बसवावा लागतो. त्यात सोलचा खर्च वेगळाच. पीयू किंवा रबराचे सोल धातूच्या साच्यात ओततात आणि मापागणिक साचा बदलतो. नऊ आणि दहा नंबर काढायचे तर नवे साचे, नवे फर्मे, आणि तेही थोड्याशा जोडांसाठी.

दुकानदाराची बाजूही समजून घेतली पाहिजे. तो घाऊक व्यापाऱ्याकडून एकेक जोड निवडत नाही, सेट उचलतो. सेटमध्ये मधले नंबर जास्त आणि कडेचे एखाद-दुसरे असतात. मोठ्या नंबराचा जोड सहा महिने पडून राहिला तर त्याचं भांडवल अडकतं, आणि पुढच्या हंगामात फॅशन बदललेली असते. म्हणून तो तो नंबर मागवतच नाही. पण यात एक मोठी उणीव आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. विकल्या गेलेल्या जोडाची पावती होते, “नाही मिळाला” म्हणून परत गेलेल्या बाईची कुठेच नोंद होत नाही. कारखान्यापर्यंत फक्त विक्रीचे आकडे पोचतात. मग “नऊ नंबरला मागणीच नाही” असं सगळे प्रामाणिकपणे म्हणतात. दिवसभरात नऊ नंबर मागणाऱ्या किती जणी रिकाम्या हातानं गेल्या, याची दुकानदारानं वहीत नुसती रेघ मारली तरी चित्र बदलेल, असं मला मनापासून वाटतं.

ज्यांनी ही मागणी ओळखली, त्यांचा धंदा चालला. अमेरिकेतलं नॉर्डस्ट्रॉम १९०१ साली सिएटलमध्ये बुटांचं दुकान म्हणून सुरू झालं आणि इतरांकडे न मिळणारी मापं ठेवण्याबद्दल नावाजलं गेलं. लंडनमध्ये १९७६ साली लाँग टॉल सॅली हे फक्त उंच बायकांसाठीचं कपड्यांचं दुकान उघडलं. पुढे तिथे मोठ्या मापाची पादत्राणंही मिळू लागली.

इंग्लंडच्या नॉर्दम्प्टनशरमधली एक गोष्ट तर यंत्रविद्येचा धडाच आहे. अर्ल्स बार्टन गावात डब्ल्यू. जे. ब्रुक्स नावाचा पिढीजात कारखाना पुरुषांचे चामडी बूट बनवत असे. १९९०च्या दशकात स्वस्त आयातीपुढे तो डबघाईला आला. तेव्हा फोकस्टोनच्या एका दुकानातून विचारणा झाली, की पुरुषांच्या मापात बायकांचे बूट बनवाल का? मालक स्टीव्ह पेटमन यांनी ते काम अंगावर घेतलं. त्यांच्यावर बीबीसीनं माहितीपट केला आणि त्यावरून २००५ साली ‘किंकी बूट्स’ हा चित्रपट आला. या कामातली खरी अडचण टाचेची होती. जड माणसाच्या वजनाखाली नेहमीची बारीक हील टिकत नाही, ती आतून पोलादानं भक्कम करावी लागते. उंच, भरल्या अंगाच्या बाईच्या हीललाही हेच लागू पडतं. टाच आणि चवडा यांच्यामध्ये सोलच्या आत एक पोलादी पट्टी असते, तिला शँक म्हणतात. मोठ्या मापात हे अंतर वाढतं, त्यामुळे पट्टीही जाड हवी. विकत घेताना हील एका हातानं धरून बुटाची कंबर, म्हणजे टाच-चवड्यामधला भाग, वाकवून पाहावी. ती सहज वाकली तर तो जोड घेऊ नये.

मोठ्या पावलाला हीलच्या बाबतीत एक फायदाही आहे आणि तो फार कमी जणींना माहीत असतो. हीलचा त्रास तिच्या उंचीपेक्षा पावलाच्या उतारावर अवलंबून असतो. ७ सेंटिमीटरच्या हीलवर २३ सेंटिमीटरचं पाऊल सुमारे २६ अंशांनी उतरतं, तर २६ सेंटिमीटरचं साधारण २३ अंशांनी. म्हणजे तीच हील लांब पावलाला कमी जाचते. त्याच उतारासाठी लांब पावलाला जवळजवळ ८ सेंटिमीटरची हील चालेल. उंच बायकांनी हील घालू नये, असं सांगणाऱ्यांना हे जरूर ऐकवावं.

दिसण्याच्या बाबतीत कारागिरांनी पूर्वीपासून नजरेचा अभ्यास केला आहे. कोको शनेलनं १९५७ साली मासारो या पॅरिसच्या बूटकारखान्याकडून एक दुरंगी बूट बनवून घेतला. अंगाचा रंग बेज आणि पुढचं टोक काळं. बेज रंगानं पाय लांब दिसतो आणि काळ्या टोकामुळे पाऊल आखूड भासतं. आज साध्या दुकानातही ही युक्ती उपयोगी पडते. फार टोकदार बूट पाऊल आणखी लांब दाखवतो, बदामी आकाराचं टोक ते आवरतं. पावलावरून आडवी जाणारी रुंद पट्टी लांबी तोडते. अर्थात हे सगळं जिला पाऊल आखूड दिसायला हवं तिच्यासाठी. लांब, सरळ पावलावर टोकदार लाल बूट जसा खुलतो तसा आखूड पावलावर खुलत नाही, आणि ते मिरवायला हरकत कसली?

आता “जेंट्समध्ये दाखवू का?” या प्रश्नाकडे येते. तो दरवेळी वाईट नसतो. ब्रिटिश पद्धतीत बायका-पुरुषांच्या नंबरांची मूळ पट्टी एकच आहे, त्यामुळे लांबीचा अंदाज साधारण जुळतो. अमेरिकी नंबरात मात्र बायकांचा आकडा पुरुषांच्या आकड्याहून दीड-दोननं जास्त असतो, तिथे फसगत होते. खरा फरक आकाराचा आहे. अमेरिकी सैन्यातल्या स्त्री-पुरुषांच्या पावलांची मापं तपासून २००१ साली संशोधकांनी दाखवलं, की बाईचं पाऊल ही पुरुषाच्या पावलाची लहान प्रत नसते. कमान, अंगठा, चवडा आणि बाहेरची कड यांची ठेवण निराळी असते. त्यामुळे लेस बांधायचे स्नीकर्स, फ्लोटर्स, रबरी स्लीपर पुरुषांच्या विभागातून खुशाल घ्यावेत, कारण ते आवळून किंवा मोकळे वापरता येतात. बंद बूट तिथून घेतला तर टाच सहसा ढिली राहते.

पुरुषांच्या विभागातली एक चीज मात्र मी प्रत्येक मोठ्या पावलाच्या मैत्रिणीला सुचवते. ती म्हणजे शेरवानीखालची मोजडी. जरीकाम, कशिदा, मोती, मखमल, सगळं तिच्यावर असतं आणि ती नऊ, दहा, अकरा नंबरांत सर्रास मिळते. पारंपरिक मोजडीत डावा-उजवा हा भेदही नसतो, पायाच्या वळणाप्रमाणे ती आपोआप घडते. पैठणीखाली ती कुठल्या विभागातून आली हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

पाऊल आयुष्यभर एकाच मापाचं राहत नाही, हेही सांगायला हवं. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी ४९ गर्भवतींची पावलं गरोदरपणाच्या सुरुवातीला आणि बाळंतपणानंतर पाच महिन्यांनी मोजली. साठ ते सत्तर टक्के जणींची पावलं लांब आणि रुंद झालेली आढळली, लांबीतली वाढ २ ते १० मिलिमीटर. कमान खाली बसल्यामुळे हे होतं आणि ते बहुधा कायम राहतं. बाळंतपणानंतर जुन्या सगळ्या चपला चावू लागल्या तर त्या बदलाव्यात, पाय कोंबत बसू नये. अमेरिकेत १९९३ साली ३५६ बायकांची पाहणी झाली, तेव्हा ८८ टक्के जणी आपल्या पावलापेक्षा लहान बूट घालत होत्या आणि ८० टक्के जणींना पायाचा काही ना काही त्रास होता. अंगठा आत वळून त्याच्या बुडाचं हाड बाहेर येणं, बोटं आकड्यासारखी वाकणं, हे अशातूनच बळावतं. मधुमेह असलेल्या बाईला तर कित्येकदा बुटाची जखम कळतही नाही. पायाची संवेदना कमी झालेली असते आणि साध्या फोडाची चिघळलेली जखम होते. घरातल्या वयस्क बाईंची चप्पल लहान होत नाही ना, हे मुला-सुनांनी पाहायला हवं.

माप घरी घ्यायचं तर संध्याकाळी घ्यावं, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. कागद जमिनीवर ठेवून, टाच भिंतीला टेकवून, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभं राहावं. पेन्सिल उभी धरून दुसऱ्या कोणीतरी रेघ ओढावी. स्वतः वाकून ओढली तर माप चुकतं. सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी घ्यावी. कित्येकींचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब असतं. मग चवड्याभोवती शिवणाची टेप फिरवून घेर घ्यावा. शेवटी टाचेपासून अंगठ्याच्या बुडाच्या हाडापर्यंतचं अंतर मोजावं. चार्ल्स ब्रॅनॉकनं १९२०च्या दशकात बनवलेलं आणि आजही अमेरिकी दुकानांत दिसणारं धातूचं मापयंत्र हेच अंतर आवर्जून मोजतं, कारण बूट तिथे वाकतो आणि पावलाचं वळण तिथेच जुळावं लागतं. दोन पावलं सारखी नसतात, मोठ्या पावलाचं माप धरावं. ऑनलाइन खरेदीत ‘यूके ८’ पेक्षा कंपनीच्या तक्त्यातल्या सेंटिमीटरच्या रकान्यावर भरवसा ठेवावा.

ही मापं हातात असली की आपल्याकडचा सर्वांत चांगला मार्ग खुला होतो, तो म्हणजे बनवून घेणं. मुंबईत कुर्ला-चेंबूरच्या हद्दीवरच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत हातानं पादत्राणं बनवणारे छोटे कारखाने गल्लोगल्ली आहेत. जिथे सोल शीटमधून कापला जातो तिथे महागड्या साच्याची अट उरत नाही. आपलं काम किरकोळ, त्यामुळे सणासुदीच्या आणि लग्नसराईच्या गर्दीत कोणी लक्ष देणार नाही. मोकळ्या दिवसांत जावं आणि आवडीचा एखादा जुना जोड नमुन्याला न्यावा.

आणि कोल्हापुरी. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांच्या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, त्यातून हातानं कापलेला तळ, चामड्याच्याच वादीनं घातलेली शिवण. ओतीव साचा कुठेच नाही. कारागीर कागदावरच्या पावलाबरहुकूम तळ कापू शकतो, मग ते २३ सेंटिमीटरचं असो की २८. पट्ट्याची रुंदी, वेणीची जाडी, कान मोठे की नाजूक हे सगळं त्या पावलाला शोभेल असं तो नजरेनं ठरवतो. कारखान्याला मोठ्या मापासाठी जो दुसरा नमुना परवडत नाही, तो त्याच्या हातात असतो. कोल्हापूरच्या चप्पल लाइनमध्ये गेलात तर तयार जोडांमध्येच शोधत बसू नका, दुकानदाराला सरळ ऑर्डर घेता का ते विचारा. दोन्ही पावलांच्या रेघा असलेला कागद द्या, अंगठा कुठे येतो ती खूण त्यावर करा. पट्टा सुरुवातीला थोडा आवळच ठेवायला सांगा. हे चामडं घामानं आणि वापरानं रुंदीत सैलावतं, लांबीत मात्र वाढत नाही. म्हणून टाचेमागे आणि बोटांपुढे अर्धा सेंटिमीटर तळ दिसेल एवढी लांबी पहिल्याच दिवशी असली पाहिजे.